कार्बॉक्सिल गटाची उसनवारी

प्रश्न : जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात ट्रान्सकार्बॉक्सिलेज हे विकर (एन्झाइम) बायोटिन या ब-जीवनसत्त्वावर चालते, एवढाच उल्लेख आढळला. आपल्या शरीरातील कार्बॉक्सिलेज विकरांपेक्षा ते निराळे कसे? स्विस चीजमधील भोके त्याच्यामुळे पडतात का?

उत्तर : कार्बॉक्सिल (-COOH) गट कोठून आणला जातो, यात खरा फरक आहे. आपल्या पेशींतील बायोटिनयुक्त कार्बॉक्सिलेज विकरे तो बायकार्बोनेटपासून मिळवतात आणि त्यासाठी पेशीतील ऊर्जावाहक एटीपीचा एक रेणू खर्ची घालतात. ट्रान्सकार्बॉक्सिलेज मात्र मिथिलमॅलोनिल-कोएवरील (कोए म्हणजे कोएन्झाइम-ए) तयार गट उचलून पायरुव्हेट या तीन कार्बनच्या रेणूला देते. पहिल्याचे प्रोपिओनिल-कोए होते, दुसऱ्याचे ऑक्झॅलोअॅसिटेट. मधल्या वेळात हा गट बायोटिनला जोडलेला असतो, कार्बन डाय-ऑक्साइड होऊन सुटा होत नाही, आणि म्हणूनच येथे एटीपी लागत नाही. या विकराचा रेणुभार सुमारे 12 लाख डाल्टन (रेणुभाराचे एकक) असून गट काढण्याचे व बसवण्याचे काम त्याच्या दोन वेगळ्या उपघटकांवर चालते. तिसऱ्या, अगदी लहान उपघटकावरील बायोटिन लांब हातासारखे दोहोंमध्ये ये-जा करते.

हे विकर प्रोपिओनिक आम्ल बनवणाऱ्या प्रोपिओनिक जीवाणूंचे. त्यांच्यात ऑक्झॅलोअॅसिटेटपासून सक्सिनेट आणि त्यापासून पुन्हा मिथिलमॅलोनिल-कोए बनते, म्हणजे उसना दिलेला गट फिरून पहिल्या ठिकाणी येतो. या जीवाणूंवर काम करताना अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ हार्लंड वुड यांना 1935 च्या सुमारास, प्रकाशसंश्लेषण न करणारे जीवाणूही कार्बन डाय-ऑक्साइड सामावून घेतात, असे दिसले, आणि त्या काळी ते पटवणे सोपे नव्हते. पुढे 1960 मध्ये स्विक आणि वुड यांनी ट्रान्सकार्बॉक्सिलेजचे कार्य मांडले.

चीजबाबतची समजूत अर्धीच खरी आहे. हे जीवाणू लॅक्टिक आम्लाच्या तीन रेणूंपासून साधारणतः प्रोपिओनिक आम्लाचे दोन, अॅसिटिक आम्लाचा एक आणि कार्बन डाय-ऑक्साइडचा एक रेणू तयार करतात. भोके पाडणारा वायू पायरुव्हेटचे अॅसिटेट होताना सुटतो. ट्रान्सकार्बॉक्सिलेजचा वाटा प्रोपिओनिक आम्लात, म्हणजे एमेंटल या स्विस चीजच्या गोडसर चवीत आहे.

माणसात हे विकर नसते. आपल्याकडे याच्या उलट दिशेचे काम प्रोपिओनिल-कोए कार्बॉक्सिलेज करते, अर्थात एटीपी खर्चून. बायोटिनची गरज मात्र दोघांनाही सारखीच आहे, त्यामुळे अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकातील, बायोटिनला घट्ट धरून ठेवणारे अॅव्हिडिन हे प्रथिन दोन्ही विकरांचे काम थांबवू शकते.