हँडीकॅम, डीव्हीडी आणि फोनचे व्हिडिओ एकत्र एडिट करायचे असतील तर आधी सगळे एमपी४ करून घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की आईच्या पंचाहत्तरीसाठी अर्ध्या तासाची फिल्म करायची आहे, हाताशी जुन्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइली, लग्नाची डीव्हीडी आणि भावंडांनी पाठवलेले फोनचे व्हिडिओ आहेत, तर सगळं एमपी४ करून घ्यावं का आणि त्यासाठी कन्व्हर्टर कोणता चांगला.

सरसकट कन्व्हर्ट करू नका. हे मी इतकं ठामपणे सांगतोय, कारण ती चूक मी केली आहे आणि तिची भरपाई झालेली नाही.

माझं घर गोव्यात, डिचोलीत. आमच्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरतीला काका घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याच्या एका तोंडावर कातडं ताणलेलं वाद्य, वाजवायचे. २०१२ साली मी पहिल्यांदा कॅमेरा स्टँडवर लावून पूर्ण आरती घेतली. लॅपटॉपवर फाइली अडकत चालायच्या म्हणून एका फुकटच्या कन्व्हर्टरमधून त्या छोट्या एव्हीआय करून घेतल्या, बघितल्या, ठीक वाटल्या, आणि पुढच्या वर्षासाठी कार्ड रिकामं केलं. काका आता नाहीत. त्या चित्रणात माटोळीखाली (गणपतीच्या वर बांधलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली) ते बसलेले दिसतात, चेहरा ओळखू येतो. पण उजव्या हाताची बोटं कातड्यावर कशी पडतात, डाव्या हाताने घुमटाचं मागचं तोंड ते कधी झाकतात नि कधी उघडतात, हे काहीच दिसत नाही. जिथे हात हलतो तिथे नुसते चौकोन. माझा चुलतभाऊ आता घुमट शिकतोय, त्याला नेमकं तेच बघायचं असतं.

म्हणून पहिलं काम कन्व्हर्ट करणं नाही, मूळ फाइली जशाच्या तशा दोन ठिकाणी ठेवणं. हँडीकॅमच्या कार्डावरून फक्त एमटीएस फाइली उचलू नका, आख्खं फोल्डर कॉपी करा. लांब चित्रण कॅमेरा २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत तोडतो, आणि ते तुकडे कसे जोडायचे याची नोंद बाजूच्या फाइलींत असते. नुसते तुकडे एकापुढे एक लावले तर सांध्यावर आवाज क्षणभर तुटू शकतो. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात काहीच फार काळ सुखरूप राहत नाही, तेव्हा डीव्हीडी तर आजच उतरवून घ्या आणि एक हार्ड डिस्क बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवा.

आता मुद्द्यावर येऊ. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय, एमटीएस ही डब्यांची नावं आहेत. डब्यात चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय त्याला कोडेक म्हणतात, आणि अडचण बहुधा तिथे असते. तुमच्या एमटीएसमध्ये जवळजवळ नक्की एच.२६४ आहे, जे बहुतेक एमपी४ मध्येही असतं. म्हणजे माल तोच, बरणी दुसरी. नुसती बरणी बदलली तर एक कणही कमी होत नाही आणि तासाभराचं चित्रण काही मिनिटांत होऊन जातं. पण कन्व्हर्टर सहसा बरणी बदलत नाहीत, माल पुन्हा दाबून भरतात, आणि दर वेळी थोडा तपशील कायमचा जातो.

आत काय आहे ते बघायला मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर घ्या. फाइल त्यात टाकली की कोडेक, चित्राचा आकार, दर सेकंदाच्या फ्रेम आणि त्या स्थिर आहेत की बदलत्या, सगळं कळतं. हे बघितल्याशिवाय एकाही फाइलीला हात लावू नका.

एमटीएस: शॉटकट किंवा केडेनलाइव्ह (दोन्ही फुकट एडिटिंग सॉफ्टवेअर) या फाइली थेट उघडतात, तेव्हा बहुधा काहीच करावं लागणार नाही. तुमचं एडिटिंग सॉफ्टवेअर नाही म्हणालं तर शटर एन्कोडर या कन्व्हर्टरमध्ये ‘रीरॅप’ हा पर्याय आहे, तीच ती बरणी बदलणं. चित्र दिसलं पण आवाज आला नाही, तर आवाज डॉल्बीचा आहे म्हणून. चित्र तसंच ठेवून फक्त आवाज पीसीएम (न दाबलेला) करा. हँडब्रेक हे कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण ते चित्र नेहमी पुन्हाच दाबतं, म्हणून या कामाला नको.

जुन्या हँडीकॅमचं चित्र इंटरलेस्ड असतं: सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. संगणकावर कोणी पळालं की कडेला फणीसारखे दाते दिसतात ते यामुळेच. डीइंटरलेस करताना, म्हणजे अर्ध्या चित्रांच्या पूर्ण फ्रेम करताना, साधा पर्याय घेतला तर ५० ची २५ होतात आणि नाचणारी मुलं अडखळतात. ‘बॉब’ पर्याय घेतला तर ५० पूर्ण फ्रेम मिळतात. फुगडी, शिगम्यातली (गोव्याच्या होळीच्या सणातली) रोमटामेळ मिरवणूक असं हलतं चित्रण असेल तर फरक डोळ्यांना लगेच कळतो.

डीव्हीडी: आत एमपेग-२ कोडेक, ७२० बाय ५७६, तीही इंटरलेस्ड. तिच्यावरच्या व्हीओबी फाइली १ जीबीला तुटतात, म्हणून मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने सलग एमकेव्ही करून घ्या, त्यात दर्जा जात नाही. एक गोष्ट सांभाळा. यातले पिक्सेल चौकोनी नसतात, त्यामुळे चित्राचं प्रमाण ४:३ की १६:९ हे सॉफ्टवेअरला नीट कळलं नाही तर लग्नातली सगळी माणसं जाडी किंवा लंबुळकी दिसतात. आईचा चेहरा एकदा नीट बघूनच पुढे जा. आणि ही डीव्हीडी आधीच ‘एचडी’ करून घेण्याच्या भानगडीत पडू नका, मोठं करण्याने नवीन तपशील येत नाही.

फोनचे व्हिडिओ: खरी डोकेदुखी इथेच आहे, आणि इथे मात्र फ्रेम बदलत्या असतील तर कन्व्हर्ट करावंच लागतं. उजेड कमी झाला की फोन दर सेकंदाच्या फ्रेम आपणहून कमी करतो, ३० च्या २४, कधी त्याहून कमी. एडिटिंग सॉफ्टवेअर फ्रेम स्थिर धरून चालतं, मग चित्र आणि आवाज हळूहळू वेगळे होत जातात. सुरुवातीला लक्षात येत नाही. आमच्या आरतीच्या फोनवरच्या एका चित्रणात दहाव्या मिनिटाला थाप ऐकू यायची आणि हात नंतर पडायचा. शॉटकट अशी फाइल उघडली की स्वतःच सांगतं आणि एडिटिंगला सोयीची फाइल करून देऊ का विचारतं, तिथे हो म्हणा. हँडब्रेकने करायचं तर फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’ निवडा आणि दर्जाचा आरएफ आकडा १८ च्या आसपास ठेवा. आकडा जितका कमी तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी.

नव्या फोनचे व्हिडिओ बरेचदा एच.२६५ या कोडेकमध्ये असतात. आयफोनमध्ये ते २०१७ पासून आलं. जागा कमी लागते, पण जुना लॅपटॉप ते उलगडताना धापा टाकतो. नुसत्या तेवढ्यासाठी मूळ फाइल बदलू नका, सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी चालू करा. काम हलक्या प्रतीवर होतं आणि शेवटची फिल्म मूळ फाइलींवरून बनते. कोणी प्रोरेस (एडिटिंगसाठीचा ॲपलचा कोडेक) करायला सांगेल. पद्धत उत्तम आहे, पण फुल एचडीचा एक तास सुमारे ५५ जीबी खातो, म्हणून घरच्या कामाला मी प्रॉक्सीच सांगेन.

भावंडांनी व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवले असतील तर ते पुन्हा मागवा, या वेळी ‘डॉक्युमेंट’ म्हणून. एवढ्या एका फोन कॉलने जितका दर्जा परत मिळेल तितका कुठल्याही सॉफ्टवेअरने मिळणार नाही.

रात्रभर कन्व्हर्ट लावून झोपणार असाल तर एक मोठी फाइल न करता छोट्या छोट्या रांगेत लावा. एमपी४ ची अनुक्रमणिका सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली की ती फाइल उघडतच नाही. जून-जुलैत आमच्याकडे हे नेहमीचंच.

प्रोजेक्टचा फ्रेमरेट (दर सेकंदाच्या फ्रेम) कितीवर ठेवायचा? हँडीकॅम आणि डीव्हीडी जास्त असेल तर २५ किंवा ५०, फोनचं जास्त असेल तर ३०. मिश्रणात कुठे तरी थोडं अडखळणारच, ते जुन्या आठवणींच्या भागात येऊ देऊ नका.

शेवटची फिल्म मात्र एमपी४, एच.२६४ आणि एएसी आवाजात काढा, जवळपास सगळे टीव्ही ती चालवतात. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर, त्याच पेनड्राइव्हवरून ती शेवटपर्यंत चालवून बघा, आवाजासकट.