इंटरनेट नसलेल्या लॅपटॉपवर सायनिंग की (सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करायची गुप्त किल्ली) सुरक्षित कशी सांभाळावी? लॅपटॉप आणि लिनक्स कोणतं घ्यावं?

कुठलंही घ्या. जुना लॅपटॉप घ्या, वायफायचं कार्ड स्क्रू खोलून काढून टाका, डिस्क एन्क्रिप्ट करा, विषय संपला. की चोरीला जाईल ही धास्ती सगळ्यांना असते. ती आपल्याच हातून जाईल, ही कुणालाच नसते. मलाही नव्हती.

मी आणि दाजी (ताईचे मिस्टर) भागीदारीत शेतीपंपाचे कंट्रोलर बनवतो, सांगलीत. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करायची, तो प्रकार. फर्मवेअरवर, म्हणजे कंट्रोलरच्या पेटीतल्या सॉफ्टवेअरवर, आमची एड२५५१९ पद्धतीची डिजिटल सही असते. ती तपासायची पब्लिक की बूटलोडरमध्ये (पेटी सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम) घालून कुलूपबंद केलेली. सही जुळली नाही तर पेटी अपडेट घेत नाही. म्हणजे सही करायची प्रायव्हेट की गेली, तर पलूसपासून शिरोळपर्यंत एकेका विहिरीवर जाऊन पेटी उघडा आणि चिप बदला.

सहीचा लॅपटॉप गावभागातल्या ऑफिसात, तळमजल्यावर. भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती. तिच्यावर हातभर जागा सोडून अँगल ठोकले आणि त्यावर कपाट बसवलं. अगदी अभिमानाने. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. रेघ आणि कपाट, दोन्ही बुडाले.

पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर आत गाळाची लापशी. लॅपटॉप, बॅकअपचा पेनड्राइव्ह आणि त्या बॅकअपचाही बॅकअप, तिन्ही एकाच कप्प्यात. लॅपटॉप मेला. पेनड्राइव्ह धुऊन, चांगले आठवडाभर वाळवून लावले, तर एक चक्क चालू झाला. आनंद दोन मिनिटं टिकला. त्याचा पासफ्रेज मी तीन वर्षांपूर्वी एकदाच टाइप केला होता आणि ज्या डायरीत लिहिला होता ती त्याच कपाटात, पानांचा लगदा झालेला.

वाचवलं ते शंभर पानी वहीनं. की तयार केली त्या दिवशी तिचा बत्तीस बाइटचा सीड (ज्यातून पूर्ण की परत काढता येते), म्हणजे हेक्सची (० ते ९ आणि ए ते एफ) ६४ अक्षरं, मी हाताने उतरवून घेतला होता. प्रिंट मुद्दाम काढली नाही, ऑफिसचा प्रिंटर नेटवर्कवर होता. वही विट्याला आईच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली. तेव्हा दाजी म्हणाले होते, "तू काय सावकार आहेस का, किल्ली वहीत लिहायला? गूगल ड्राइव्हवर टाक की."

दुसरा जुना लॅपटॉप आणला, त्याचंही कार्ड काढलं. भाची वहीतून वाचत होती, मी टाइप करत होतो. एकेचाळिसाव्या अक्षराला ती थांबली. "मामा, हा बी आहे का सहा?" माझं अक्षर! दोन्ही टाकून पाहिलं. सहाला निघालेली पब्लिक की फर्मवेअरमधल्या कीशी जुळली. तेव्हा मी ओरडलो की नाही ते आठवत नाही, भाची म्हणते ओरडलो.

दाजींचं आजही एकच पालुपद: ड्राइव्हवर असती तर विट्याला जावंच लागलं नसतं. अहो, ऑफिसच्या त्या खात्याचा पासवर्ड पाच जणांना ठाऊक होता आणि त्यातला एक काम सोडून आमच्याच धंद्यात उतरलाय. त्याला आमची सही देऊन बसलो असतो तर पूर बरा वाटला असता.

हां, तुमचा खरा प्रश्न. लॅपटॉप नेटवर नाही म्हणून निर्धास्त राहू नका. इराणच्या नतान्झ अणुकेंद्रात स्टक्सनेट हा व्हायरस पेनड्राइव्हवरूनच पसरला असं मानतात. आम्ही फाइल आत नेतो, तिचा हॅश (फाइलवरून निघणारा ठशासारखा आकडा) दोन्ही स्क्रीनवर डोळ्यांनी ताडून बघतो आणि सही बाहेर काढताना पेनड्राइव्ह वापरतच नाही. सही ६४ बाइटची असते, क्यूआर दाखवायचा, मोबाईलने टिपायचा. लॅपटॉपचा सीमॉस सेलही (घड्याळ चालवणारी छोटी बॅटरी) बदलत जा. घड्याळ मागे गेलं की जीपीजीसारख्या (फाइली, ईमेलवर सही करायचा प्रोग्राम) तारीखवाल्या सहीवर भलतीच तारीख पडते. जीपीजी असेल तर मास्टर की आत ठेवून फक्त सबकी (रोजच्या वापराची दुय्यम की) बाहेर आणा आणि रिव्होकेशन सर्टिफिकेट (की रद्द झाली असं जाहीर करायची फाइल) वेगळ्या घरी ठेवा. वेगळ्या खोलीत नव्हे, वेगळ्या घरी. जमलं तर वेगळ्या नदीवर.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: वहीतली की उघडी असते, ट्रंक उघडणाऱ्याला ती आयती मिळते. आता आम्ही अदी शमीर या गणितज्ञाच्या १९७९ च्या पद्धतीने तिचे तीन तुकडे केलेत, कुठलेही दोन जमले तर की तयार. एक विट्याला, एक माझ्याकडे, एक दाजींकडे. आणि वेबसाइटच्या सर्टिफिकेटची की असेल तर यातलं काहीच करू नका, हरवली तर नवीन काढा. डीएससीच्या टोकनचंही (सरकारी कामांच्या डिजिटल सहीचा यूएसबी) तेच, त्यातली की बाहेर निघतच नाही. फक्त ते टोकन सीएच्या ड्रॉवरमध्ये, पिनची चिठ्ठी चिकटवून ठेवू नका. निम्मी सांगली ठेवते.

दाजींचा तुकडा कुठं आहे ते परवा विचारलं. "आहे घरात, सेफ आहे," म्हणाले. घर हरभट रोडला, तळमजला.