जुन्या वस्तीत नवी घरे : आधी छत, मग दर्शनी भाग

प्रश्न : बडोद्याच्या जुन्या शहरात, वाड्यांच्या वस्तीत, आमच्या विद्यापीठाला अध्यापक व कर्मचाऱ्यांसाठी तीन मजली निवासस्थाने बांधायची आहेत. वारसा क्षेत्र असल्याने दर्शनी भागावर बंधने आहेत आणि विजेचा वापर कमी ठेवण्याचीही अट आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र साधणार नाहीत, असे बांधकाम समितीतील काहींना वाटते. आपले मत कळवावे.
— एक अध्यापक, दांडिया बाजार

उत्तर : समितीची ही भीती मला पटत नाही. बडोद्यात जूनमधील मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे सर्वांत जास्त तापते ते छत, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. वारसा नियमांचे लक्ष प्रामुख्याने रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाकडे असते. म्हणजे खरी बचत जिथे होते, तिथे नियमांची आडकाठी फारशी येत नाही.

घरांतील ऊर्जाबचतीसाठी केंद्राने केलेल्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’नुसार छतातून, आत-बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरमागे १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येता कामा नये. नुसता काँक्रीटचा स्लॅब या कसोटीला उतरत नाही. त्यावर उष्णतारोधक थर आणि वर पांढऱ्या चायना मोझेकची फरशी घातली, तर वरच्या मजल्यावरील कुटुंबांना उन्हाळा सुसह्य होईल. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कपाटे अशा जागा घ्याव्यात आणि दक्षिणेच्या खिडक्यांना साधी छज्जी द्यावी, कारण डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवर उतरतो व हवेहवेसे ऊन त्याखालून घरात येते.

जुन्या वाड्यांचा चौक मला या आराखड्यात आवर्जून हवा आहे. रात्री तिथे गार हवा साचते आणि प्रत्येक घराला दोन बाजूंनी खिडक्या मिळाल्याने पावसाळ्याच्या दमट दिवसांतही वारा खेळतो. मात्र दर्शनी भिंतीवर सिमेंटच्या नकली कमानी व खोटे कोरीव खांब चिकटवू नयेत. शेजारच्या वाड्यांची उंची, खिडक्यांचे उभे प्रमाण आणि रस्त्याशी असलेली रेषा पाळली, तर नवी इमारत वस्तीत शोभून दिसते.

एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी चौकाकडे किंवा मागच्या बाजूला हवेशीर जागा नकाशातच राखावी, अन्यथा रहिवासी ती हमखास रस्त्याकडच्या भिंतीवर टांगतील. सौर पॅनल कमी उतारावर, गच्चीच्या कठड्याआड बसवता येतात. एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा धरावी.

तांबेकर वाड्यासारखे केंद्र-संरक्षित स्मारक जवळ असल्यास अंतर आधी मोजून घ्यावे. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असते आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. जागा या कसोटीत बसत असेल, तर वास्तुविशारदांकडून दर्शनी भागाच्या चित्राआधी छत व पश्चिम भिंतीची उष्णतेची आकडेमोड मागवावी आणि ती समितीच्या पहिल्याच बैठकीत मांडावी.