रण शेजारी नाही, हे आधी मान्य करा

दिवाळी जवळ आली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या छोट्याशा सहलींच्या कचेरीत फोन खणखणायला लागतात. विचारणारे वेगळे, कच्छच्या रणाबद्दलच्या शंका मात्र दरवर्षी त्याच. एकेकाला तेच सांगण्यापेक्षा अलीकडे आलेले प्रश्न इथे एकदमच घेते. एक हिशेब आधी मांडून ठेवते, म्हणजे पुढची उत्तरं उगाच चिडून दिल्यासारखी वाटणार नाहीत. बडोद्याहून भुज रस्त्याने सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढे. भुजहून धोरडो, म्हणजे पांढऱ्या रणाच्या तोंडाशी असलेलं गाव, आणखी ऐंशी. म्हणजे एका बाजूने पाचशेच्या वर. "आपल्याच राज्यात तर आहे" म्हणून ते कमी होत नाही.

दोनच दिवस आहेत. जैसलमेर की धोरडो? (अलकापुरी)

धोरडो. जैसलमेरला चार दिवस काढा, मग विचारा.

पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो का? एजंट माणशी वेगळे पैसे मागतोय. (निझामपुरा)

लागतो, सीमेलगतचा भाग आहे. भुजहून जाताना भिरंडियाराच्या चौकीवर ओळखपत्र दाखवून मिळतो, ऑनलाइनही काढता येतो. फी किरकोळ आहे. त्यासाठी एजंट कशाला हवा? मूळ ओळखपत्र जवळ ठेवा आणि बरोबर परदेशी नागरिक असेल तर त्याच्यासाठी काय लागेल ते आधीच भुजच्या पोलीस कार्यालयात विचारून घ्या.

आम्ही चार मित्र. शुक्रवारी नऊला निघायचं, पहाटे भुज, तसंच पुढे रणात. रविवारचा सूर्यास्त बघून रात्रभर गाडी चालवत सोमवारी सकाळी ऑफिस. आळीपाळीने चालवू. रात्री रस्ता मोकळा असतो म्हणतात. काय वाटतं? (गोत्री)

असं जाऊ नका.

आता कारण. रात्री रस्ता मोकळा असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं? अहमदाबादपर्यंत एक्सप्रेसवे आहे, तिथवर चैन वाटते. पुढे विरमगाम, हळवद, मालिया, सूरजबारीचा पूल, सामखियाळी. हा रस्ता कांडला आणि मुंद्रा या दोन बंदरांचा आहे, मोरबीच्या टाइल्सचा आहे, मिठाच्या ट्रकांचा आहे. ही वाहतूक रात्री झोपत नाही. मागचा दिवा गेलेली ट्रॉली कडेला उभी असते आणि ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो रस्ता मोकळा नसतो हो, नुसता अंधारा असतो.

आता झोपेचं. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकरापर्यंत १७ तास जागा असतो. इतक्या जागरणानंतर माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३. म्हणजे अहमदाबाद ओलांडायच्या आत तुमचा चालक मर्यादेबाहेर प्यायलेल्या माणसाच्या बरोबरीला येतो, तेही दारूबंदीच्या राज्यात, थेंब न घेता! त्यातून रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात शरीर स्वतःहूनच झोप मागतं. तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे तेव्हा तुम्ही मालिया ते भचाऊच्या पट्ट्यात असाल, नेमके ट्रकांच्या गर्दीत.

"आळीपाळीने चालवू" हे मी २४ वर्षं ऐकतेय. मागच्या सीटवर गाणी लावून गप्पा मारणारा मित्र झोपलेला नसतो, तो फक्त स्टिअरिंगवर नसतो. त्याची पाळी येते तेव्हा तोही तितकाच पेंगुळलेला. खिडकी उघडून, तोंडावर पाणी मारून चार मिनिटं तरतरी येते. चहाने थोडी जास्त. ताशी ८० च्या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर गाडी कोणीही चालवत नसतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही रात्रीच्या सहली काढायची. भाड्याची गाडी, मी पुढच्या सीटवर. हळवदच्या अलीकडे पहाटे साडेतीनच्या सुमाराला मी चालकाला विचारलं, "भाई, चहाला थांबायचं का?" तो म्हणाला, "ना बेन, हूं तो जागूं छूं." वाक्य पुरं व्हायच्या आत डावी चाकं डांबर सोडून उतरली. गाडीच्या पोटाला खडी तडतड लागली, मांडीवरचा थेपल्यांचा डबा पायाशी जाऊन उपडा झाला. त्याने गाडी सावरली, कोणाला काही झालं नाही. उजाडल्यावर कळलं की आदल्या रात्री तो सुरतचं भाडं मारून आला होता, आणि गाडीमालकाने मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून रात्रीचा रस्ता बंद. भाड्याची गाडी ठरवताना मी दर नंतर विचारते. आधी विचारते, हा चालक काल रात्री कुठे होता? तुम्हीही विचारा. उत्तर द्यायला मालक घुटमळला तर दुसरी गाडी बघा.

मग जायचं कसं? रेल्वेने. आपल्या सयाजीरावांच्या नावाची सयाजीनगरी एक्सप्रेस आहे, कच्छ एक्सप्रेस आहे. रात्री बडोद्याला चढा, सकाळी भुजला उतरा. रविवारी रात्री तसंच परत. भुजहून दिवसाची टॅक्सी करा. अख्खे दोन दिवस हातात राहतात आणि सोमवारी तुम्ही ऑफिसात माणसासारखे दिसता. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पण लोकांना जाग येते दहा दिवस आधी. तिकीट मिळालं नाही तर शनिवारी उजाडल्यावर निघा आणि सोमवारची रजा टाका. रजा मिळत नसेल तर पुढच्या महिन्यात जा, रण कुठे पळून जात नाही. तुमच्यापैकी कोणी जोरात घोरत असेल, दिवसा पेंगत असेल किंवा झोप आणणारी औषधं घेत असेल, तर दिवसासुद्धा गाडी त्याच्या हातात देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

रण पौर्णिमेलाच बघायचं असतं ना? बाकी दिवशी काही नसतं असं बहीण म्हणते. (मांजलपूर)

बहिणीने पौर्णिमेला बघितलं असेल, म्हणून. चांदण्यात मीठ चमकतं हे खरं. गर्दी तेव्हाच, दर तेव्हाच चढे, हेही खरं. अमावास्येच्या आसपास जाल तर तिथे आकाशात जे दिसतं ते बडोद्यात आयुष्यात दिसणार नाही. माझ्या मते अष्टमीच्या आसपासचा शनिवार सगळ्यात शहाणा: थोडं चांदणं, थोडे तारे, खोली मिळते.

दिवाळीच्या सुट्टीत जातोय. फोटोत दिसतं तसं पांढरं असेल ना? (वाघोडिया रोड)

खात्री देत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. रण म्हणजे वाळू नव्हे. पावसाळ्यात नैऋत्येच्या वाऱ्याने समुद्राचं पाणी आत ढकललं जातं, वरून पावसाचं आणि नद्यांचं पाणी येतं. त्या सपाट खोलगटात ते तुंबतं, मग महिनोन्‌महिने आटत राहतं आणि मागे मीठ उरतं. पाऊस लांबला की नोव्हेंबरात तिथे चकचकीत पाणी आणि राखाडी चिखल असतो. तोही सुंदर दिसतो, पण तुम्ही पैसे भरलेले असतात पांढऱ्याचे. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ जास्त भरवशाचा.

जिथे राहणार तिथे फोन करून आजचा फोटो मागवा. जाहिरातीतला नको, आजचा. आणि पांढरं दिसलं तरी लोकांच्या पायवाटेबाहेर जाऊ नका. वरचा थर भाजलेल्या पापडासारखा कुरकुरतो, टाचेखाली तडकतो आणि खाली काळपट, ओला चिखल असतो. बूट आत जातो तो मोजा घेऊनच बाहेर येतो. गाडी ठरलेल्या जागीच लावा. एका ग्रुपने "थोडं पुढे" नेली होती. ट्रॅक्टर येईपर्यंत चार तास गेले, सूर्यास्त त्यांनी बॉनेटवर बसून पाहिला.

इन्स्टाग्रामवर टेंट सिटीची जाहिरात आहे, ६० टक्के सवलत. अर्धी रक्कम आज रात्रीपर्यंत यूपीआयने पाठवायची आहे. घेऊ का? (कारेलीबाग)

नाही. हंगामात ज्या जागा तशाच भरतात, त्यावर ६० टक्के सवलत कोण आणि का देईल? "आज रात्रीपर्यंत" हे शब्द तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच असतात. खऱ्या संकेतस्थळाच्या नावातलं एक अक्षर बदलून हुबेहूब पान उभं करतात, व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेली पावती पाठवतात, आणि पैसे जातात कोणा खासगी माणसाच्या खात्यात. गुजरात पर्यटनाच्या अधिकृत संकेतस्थळावरून नंबर घ्या, स्वतः फोन लावा, या बुकिंगची नोंद आहे का ते विचारा. जाहिरातीतल्या नंबरावर विचारून काय उपयोग? चोराला विचारलं तर तो हो म्हणणारच.

पैसे आधीच पाठवले असतील तर हे वाचणं सोडा आणि आत्ता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला. गेल्या वर्षी एक काका तीन दिवस घरच्या ग्रुपवर सल्ले घेत बसले. तोवर ती रक्कम आणखी किती खात्यांतून फिरली असेल कोण जाणे.

आई ७४ वर्षांची, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात. तिला काळ्या डुंगरावरच्या दत्तात्रेयाचं दर्शन घ्यायचंय. नेऊ का? (रावपुरा)

गरुडेश्वरच्या दत्तस्थानाची वारी करणाऱ्या घरांतून हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि यावाही. काळा डुंगर ४६२ मीटर, कच्छमधली सगळ्यात उंच जागा. वरपर्यंत गाडी जाते, शेवटी थोडं चालावं लागतं. तिथे कोल्ह्यांना प्रसाद ठेवायची जुनी प्रथा आहे, पण कोल्हे आलेच पाहिजेत असा हट्ट आईंना धरू देऊ नका.

नेऊ का, हे मी सांगायचं नाही, त्यांच्या डॉक्टरांनी सांगायचं. निघायच्या आठवडाभर आधी दाखवा. विशेषतः लघवी वाढवणारी गोळी असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची ते विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. मला काळजी वेगळीच वाटते. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या भीतीने आपल्या आया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी चक्कर आली की दोष उन्हाला. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवा, त्यांना खाली उतरवून चार पावलं चालवा, समोर उभं राहून पाणी प्यायला लावा. शाल घ्या, डिसेंबरात सूर्य गेला की गारठा झपाट्याने येतो. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. खावड्याच्या पुढे मोठ्या दवाखान्याची आशा धरू नका, जे आहे ते भुजला.

काळ्या डुंगराच्या उतारावर चुंबकीय शक्ती आहे, इंजिन बंद करून गाडी आपोआप वेग घेते, हे खरं का? मुलांना दाखवायचंय. (सुभानपुरा)

उतारावर गाडी वेग घेते, त्याला उतार म्हणतात. तो डोळ्यांना जाणवतो त्याहून तीव्र आहे, इतकंच. इंजिन बंद केलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली पूर्ण फिरवली तर ते जागीच अडकू शकतं. पुढे वळणं आहेत. मुलांना चुंबक दाखवायचा असेल तर बाजारात मिळतो.

धोरडोबरोबर त्याच दिवशी धोलावीरा होईल का? शक्य असेल तर मांडवीही. (फतेगंज)

मांडवी खोडून टाका, ती विरुद्ध दिशेला आहे. धोलावीरा होईल, पण दुसऱ्या दिवशी. पूर्वी रापरकडून मोठा वळसा पडायचा. आता खावड्याहून रणातून सरळ रस्ता आहे, त्यातला तीसेक किलोमीटरचा पट्टा दोन्ही बाजूंना पांढरा. लोक तिथे रस्त्याच्या मधोमध आडवे पडून फोटो काढतात. काय बोलायचं! गाडी कडेला, माणसंही कडेला.

धोलावीराला निदान तीन तास द्या, वाटाड्या घ्या. २०२१ साली जागतिक वारसा यादीत आलेलं हे हडप्पाकालीन शहर. तिथले दगडात कोरलेले आणि बांधलेले प्रचंड हौद बघताना कळतं की जेमतेम पावसाच्या मुलखात लोकांनी थेंब न्‌ थेंब कसा धरून ठेवला होता. भुजलाच टाकी भरून निघा, रोख पैसे ठेवा, तिकिटं आणि परवाना मोबाइलमध्ये उतरवून घ्या. रेंज जाते.

अजरख खरं कसं ओळखायचं? (वाडी)

अजरख म्हणजे हाताच्या ठशांनी छापलेलं कापड. एका बाजूने छापलेलं असो की दोन्ही, खऱ्यात कडेला ठशाचे जोड किंचित हललेले, आणि दर ऐकून थोडं दचकायला होणारं. शंका असेल तर अजरखपुरात जाऊन कारागिरालाच विचारा. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडू लागले, म्हणून खत्री कुटुंबांनी हे नवं गाव वसवलं. रणाच्या फाटकावरच्या "फॅक्टरी सेल"मधून घ्यायची घाई करू नका.

ड्रोन नेऊ का? (अकोटा)

सीमा आहे. अधिकृत लेखी परवानगी हातात नसेल तर घरी ठेवा.

आम्हाला एकच रात्र मिळते, शनिवारची. काही होईल का, की सोडून द्यावं? (तरसाली)

सोडू नका, छोट्या रणात जा. दसाडा, बजाणा, पाटडीचा भाग बडोद्याहून दोनशे किलोमीटरच्या आसपास. भेगाळलेली सपाट जमीन, अगरियांची मिठागरं, आणि घुडखर, म्हणजे ते बदामी पाठीचे रानगाढवांचे कळप. अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं, ऑक्टोबरच्या मध्याला उघडतं. सफारीची जीप कोणाची घ्यायची आणि वेळ काय, हे वनखात्याच्या फाटकावर विचारून ठरवा, हॉटेलवाल्याच्या मेव्हण्याला विचारून नको. रविवारी पहाटेची फेरी मिळाली तर उत्तम, दुपारच्या जेवणाला परत निघता येतं. घरून शनिवारी सकाळी निघा. सकाळी म्हटलंय, शुक्रवारी रात्री नाही.