वाचकांचे प्रश्न : माळ्यावरची संगीन, घसरणाऱ्या पट्ट्या आणि शिलेदाराची असामी

प्रश्न : वाड्याच्या माळ्यावर एक लांब सुरा सापडला. पाते १७ इंच, मूठ लाकडी, आडव्या पट्टीला गोल कडी. पात्यावर मुकुट, ‘१९०७’ आणि त्याखाली ‘५ १७’ असे आकडे आहेत. घरचे म्हणतात, ही १९०७ सालची तलवार. गंज काढायला चिंच लावावी का? (एक वाचक, माजलगाव, जि. बीड)

उत्तर : आधी चिंच बाजूला ठेवा. तुमच्याकडे आहे ती ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेतली संगीन. ‘१९०७’ हे तिच्या नमुन्याचे नाव आहे. ती घडवल्याचा महिना आणि साल खालच्या आकड्यांत असते, म्हणजे तुमची संगीन मे १९१७ची, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीतली. हा घोटाळा फार घरांत होतो.

आता पाते उलटे करून दुसरी बाजू पाहा. तिथे बाणाचे टोक दिसले तर तो सरकारी मालकीचा शिक्का, आणि फुली दिसली तर पाते वाकवून तपासल्याची खूण. मुकुटाजवळ ‘जी. आर.’ (राजा जॉर्जची आद्याक्षरे) ऐवजी ‘जी. आर. आय.’ अशी अक्षरे आणि ‘आर. एफ. आय.’ असा शिक्का असेल, तर संगीन बंगालातल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यातली. मुठीच्या टोकाशी आरपार भोक आहे का तेही बघा. खाचेत चिखल अडकला की संगीन रायफलीवर नीट बसत नसे. तो काडीने बाहेर ढकलता यावा म्हणून १९१६पासून हे भोक ठेवू लागले, जुन्या संगिनींनाही नंतर पाडले. आडव्या पट्टीला खाली वळलेला हूक असेल तर संगीन १९१३च्या आधीची. त्या साली हूक रद्द झाला. गोल कडी पाहून ती नळीवर अडकवत असतील असे वाटते. प्रत्यक्षात ली-एनफिल्ड रायफलीच्या नळीखाली एक खुंटी असते, कडी तिच्यावर बसते.

चिंच, लिंबू, पितांबरी, पॉलिश पेपर यांतले काहीही लावले की गंजाबरोबर वर सांगितलेले शिक्केही जातात. शिक्के गेले की ते केवळ एक जुने लोखंड उरते. मऊ ब्रशने धूळ झाडा. शिलाई मशीनचे तेल कापसाने पातळ लावून रात्रभर ठेवा. सकाळी सुती कापडाने पुसा, आणि सुटलेला गंज बांबूच्या चपट्या काडीने हळू खरवडा. असे तीन-चार वेळा करा. काळपट थर उरला तर उरू द्या, तो लोखंडाला धरून असतो. शेवटी व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल किंवा गोडेतेल नको. ते चिकट होते, धूळ धरते, खवट होते.

चामड्याचे म्यान असेल तर संगीन त्यात ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातले आम्ल आणि पावसाळ्यातली ओल मिळून पाते आतल्या आत गंजते, आणि कळते ते फार उशिरा. दोन्ही वस्तू खळ न घातलेल्या पांढऱ्या सुती कापडात वेगवेगळ्या गुंडाळा. म्यानाला बूट पॉलिश लावू नका.

एक महत्त्वाचे. ९ इंचांहून लांब पात्याची हत्यारे शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करून पोच घ्या. लग्नात, मिरवणुकीत ती बाहेर काढू नका.

प्रश्न : शाळेच्या नाटकात मुले पहिल्या महायुद्धातले शिपाई होतात. पायाच्या पट्ट्या दोन मिनिटांत घसरतात. काय चुकते? (एक शिक्षिका, औसा, जि. लातूर)

उत्तर : बहुतेक कापड चुकते. सुती कापडाला ताण नसतो. मूळ पट्ट्या लोकरीच्या, सुमारे ९ फूट लांब आणि ४ इंच रुंद असत. जुन्या पातळ लोकरी ब्लँकेटातून टेलरकडून ‘क्रॉस’मध्ये, म्हणजे तिरक्या, कापून घ्या, तिरक्या कापडाला थोडा ताण येतो. एका टोकाला हातभर नाडी शिवा.

नाडी आत राहील अशी गुंडाळी करा. बुटाच्या वरच्या काठावर, घोट्याशी दोन वेढे एकावर एक घ्या, मग प्रत्येक वेढा आधीच्याला निम्मा झाकेल असे वर जा. पोटरी फुगते तिथे पट्टीला एक उलटी घडी द्या. ती दिली नाही तर कड सैल पडते आणि तिथूनच सगळे उतरते. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला शेवट करून नाडीचे वेढे द्या आणि टोक खोचा. फार आवळू नका. खंदकांत ओल्या पट्ट्या आवळत, रक्त अडे आणि पाय सडण्याच्या विकारात भर पडे.

नाटकात स्वार असेल तर त्याची पट्टी गुडघ्यापासून खाली बांधा, नाडी घोट्याशी येईल. पायदळ खालून वर बांधे आणि घोडदळ वरून खाली. जाणकार प्रेक्षक हे आधी बघतो.

प्रश्न : आमचे पूर्वज मोमिनाबादच्या (आजचे अंबाजोगाई) छावणीत रिसाल्यात होते. जुन्या कागदांत ‘असामी’ आणि ‘चंदा’ हे शब्द वारंवार येतात. त्यांना हत्यारे सरकार देत नसे का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : रायफल आणि काडतुसे सरकार देई. बाकी बहुतेक सगळे स्वाराचे! हैदराबाद कंटिंजंटचे, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांखाली ठेवलेल्या फौजेचे, रिसाले ‘सिलेदार’ पद्धतीचे होते, आणि हा शब्द इंग्रजांनी आपल्याच शिलेदारावरून उचलला. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःच्या घोड्यावर आणि हत्यारांवर येई, बारगीर सरकारी घोड्यावर बसे. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या फौजेने हीच चौकट ठेवली.

‘असामी’ म्हणजे भरती होताना रिसाल्यात भरायची रक्कम. तीतून घोडा, खोगीर, गणवेश, तलवार, भाला यांची सोय होई. नोकरी सुटताना ती परत मिळे. काही घराण्यांकडे एकाहून अधिक असाम्या असत आणि त्या घोड्यांवर बारगीर बसत. तुमच्या कागदात असामीपुढे आकडा असेल तर तो रकमेचा की घोड्यांचा, हे संदर्भावरून ठरवा. ‘चंदा’ ही पगारातून दरमहा कापली जाणारी वर्गणी. घोडा मेला तर नवा या फंडातून येई. दोन स्वारांमागे सामान आणि चारा वाहायला एक तट्टू किंवा खेचर आणि एक गवतकाप्या असे. भाला भरीव बांबूचा, सुमारे ९ फुटी.

खरेदी रिसाल्याकडे असल्याने प्रत्येक रिसाल्याचे खोगीर आणि सामान वेगळे. देशात हे चालून गेले. १९१४मध्ये रिसाले फ्रान्सला गेले आणि तिथे तुटलेल्या सामानाला जोड मिळेना, मेलेल्या घोड्यांची भरपाई चंद्यातून होईना. सरकारला पुरवठा हाती घ्यावा लागला आणि युद्धानंतर ही पद्धत बंद झाली. कंटिंजंट स्वतः १९०३मध्येच हिंदुस्थानी फौजेत विलीन झाले होते, म्हणून त्यानंतरचा शोध ‘डेक्कन हॉर्स’ आणि ‘गॉर्डन्स हॉर्स’ या नावांखाली घ्या.

प्रश्न : असईजवळ शेतात शिशाची गोळी सापडली. इंग्रजांची की शिंद्यांची? (एक शेतकरी, ता. भोकरदन, जि. जालना)

उत्तर : व्हर्नियर कॅलिपरने व्यास मोजा आणि सोनाराच्या काट्यावर वजन करा. ब्रिटिश ‘ब्राऊन बेस’ बंदुकीची नळी पाऊण इंची, गोळी साधारण १७.५ मिलिमीटर आणि ३१-३२ ग्रॅमची. पण २३ सप्टेंबर १८०३च्या असईच्या लढाईत शिंद्यांच्या कंपूंकडेही (कवायती पलटणींकडेही) युरोपीय घडणीच्या बंदुका होत्या. त्यामुळे एका गोळीवरून पक्ष ठरत नाही, गोळ्या कुठे आणि किती दाट सापडतात त्यावरून काही बोलता येते. जागा गट क्रमांकासह वहीत नोंदवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. गोळीवरची पांढरी भुकटी विषारी असते. ती खरवडू नका, हात साबणाने धुवा, मुलांना हाताळायला देऊ नका.