समुद्रकाठच्या मत्स्यसंशोधन प्रयोगशाळेत नेमकं काय काम असतं? नाशिकच्या माणसाला जमेल का?

मी पंचवटीतला. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून ऐंशीच्या दशकात दोन वर्षं तमिळनाडूत मंडपमला होतो, तात्पुरत्या जागेवर. तोवर मासा म्हणजे गोड्या पाण्यातला रोहू-कटला, एवढीच ओळख.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली मद्रासला सुरू झाली आणि १९४९ मध्ये मंडपम कॅम्पला आली. 'कॅम्प' हे नाव सिलोनच्या मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना तिथे तपासणीसाठी थांबवत, तेव्हापासूनचं. १९७१ ला मुख्यालय कोचीनला गेलं, मंडपमचं केंद्र राहिलं.

काम म्हणाल तर मोजणी. बोटी लागल्या की टोपल्यांपुढे उकिडवं बसायचं, मोजपट्टीवर मासा ठेवून लांबी ओरडायची, सोबत्याने लिहायची. तिकडे बहुतेक चपटे, चांदीसारखे कारल. मग पोट चिरून अंडाशय कितपत भरलाय, जठरात काय सापडतं, ते बघायचं. साबण कितीही लावा, डाळभातालाही तोच वास.

वय काढणं मात्र भारी प्रकरण. माशाच्या डोक्यात, मेंदूच्या दोन बाजूंना, कानातले खडे असतात. थंड समुद्रात हिवाळ्यात वाढ मंदावते, म्हणून खड्यावर वर्षाचं वलय स्पष्ट उमटतं. आपल्याकडे पाणी बारा महिने कोमट, वलयांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. म्हणून हजारो लांब्या महिन्यामहिन्याने मांडायच्या आणि एकाच वयाचा घोळका जास्त लांबीकडे कसा सरकतो ते पाहायचं. ती मोजणी का करतोय, हे कळायला मला सहा महिने लागले.

सुरुवातीलाच एक घोळ घातला. बरणीतल्या चिठ्ठ्या शाईच्या पेनने लिहिल्या. नमुने टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये शाई विरघळली आणि आठवड्याभराचे नमुने बेवारस झाले. चिठ्ठी जाड कागदाची, शिसपेन्सिलीने लिहिलेली, आणि बरणीच्या आतच टाकायची, हे तेव्हा शिकलो.

आईने निघताना रामकुंडाचं पाणी दिलं होतं, रामेश्वराला घालायला. रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा रस्त्याचा पूल तेव्हा व्हायचा होता (तो १९८८ चा), रेल्वेनेच जावं लागे, आणि रविवार मी झोपण्यात घालवी. बाटली तशीच नमुन्यांच्या फळीवर. एकदा तिथल्या जुन्या सहायकाने ती उजेडात धरून विचारलं, 'यात कुठला जीव आहे?' मी म्हटलं, 'आईचा.' मोडक्या तमिळमध्ये त्याला काय कळलं देव जाणे, पण पुढच्या रविवारी त्यानेच मला गाडीत बसवलं.

तुम्हाला जमेल का? पोहता येत नाही म्हणून घाबरू नका, मला आजही येत नाही. ओकारी आवरता यायला हवी आणि एकच आकडा पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा नको. वाऱ्याचा मात्र अंदाज घ्यायला शिका: नैर्ऋत्य मान्सूनमध्ये मंडपमच्या दक्षिणेचं मन्नारचं आखात खवळतं, तेव्हा पलीकडे उत्तरेला पाल्कची खाडी त्यामानाने शांत. ईशान्येचा वारा सुटला की उलट. बोटी या किनाऱ्याहून त्या किनाऱ्याला जातात, तसं आपणही वह्या उचलून निघायचं.

नोकरी पुढे कायम झाली नाही, मी नाशिकला परतून शिकवायला लागलो. अजूनही घोळ मासा घेतला की डोकं फोडून खडे काढतो, चिंचोक्यासारखे दिसतात. मासळीवाली आता न विचारताच डोकं वेगळं बांधून देते.