गळ टाकण्याआधी तिथी बघा

प्रश्न : आम्ही मुलुंडचे चौघे मित्र, सोबत माझा ११ वर्षांचा मुलगा. भाऊबीज झाली की लगेच येणाऱ्या शनिवार-रविवारी मासे गरवायला जायचा बेत आहे. एक दिवस तलाव, एक दिवस समुद्र असं जमेल का? पवई, विहार, तानसा, पवना, वसई, अलिबाग अशी बरीच नावं कानावर येतात. नेमकं कुठे जावं? गाडी आहे. गळ याआधी दोन-तीनदाच टाकलाय.
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : यादीतली काही नावं आधी खोडते, म्हणजे उरलेल्यांबद्दल नीट बोलता येईल. विहार नको, तुळशी नको. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ चा. दोन्ही राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आणि दोन्हींचं पाणी मुंबई पिते. तिथे चोरून गळ टाकणारे भेटतात आणि ‘काही होत नाही’ असंही सांगतात. त्यांच्या नादी लागू नका, मुलाला घेऊन तर अजिबातच नाही. तानसाही अभयारण्यात आहे, तोही सोडा.

पवई घराजवळ आहे हे खरं. तिथे महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन आहे. त्यांना विचारल्याशिवाय काठावर बसायचं नाही आणि परवानगीचं आधीच बोलून घ्यायचं. तिथे मगरी आहेत. म्हणून पाण्यात पाय सोडून बसणं, काठावर मासा साफ करून आतडी तिथेच टाकणं, हे दोन्ही बंद. पण पवईला एखादी सकाळ काढता येते. दोन दिवसांची सहल करायची तर घाट उतरा-चढायला हरकत नाही.

माझा सल्ला असा : शनिवारी पवना, तिथून लोणावळा-खोपोली-पेणवरून खाली उतरून मुक्काम अलिबागच्या बाजूला, रविवारी रेवदंडा. वाट एकाच दिशेने जाते, उलटसुलट फेरा पडत नाही.

पवनेला पोचलात की पहिलं काम गळ काढण्याचं नाही. धरणातल्या मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सोसायटीकडे असतो. तो कोणाकडे आहे ते गावात विचारा, त्या माणसाला भेटा, पैसे द्यायचे असतील तर पावती घ्या. हे मी पोळून सांगते आहे. एका धरणावर आम्ही काठावरच्या एका गृहस्थाला पैसे देऊन बसलो होतो. दुपारी खरे ठेकेदार आले. त्यांनी आम्हाला उठवलं आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी बीज विकत आणून सोडलेलं, वर्षभर राखलेलं. सहा तास बसून आम्ही त्यांचे दोन रोहू काढले होते, तेही परत द्यावे लागले.

जागा निवडताना वारा बघा. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे खाणं ढकललं जातं, मासाही तिकडे येतो. आपल्याला तोंडावर वारा नको असतो म्हणून आपण नेमके उलट्या बाजूला बसतो. ओहोळ जिथे धरणात उतरतो तिथलं तोंडही चांगलं. रोहूला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून, त्यात चिमूटभर हिंग. गोळा लिंबाएवढा नको, आवळ्याएवढा पुरे, आणि तो पाण्यात १५-२० मिनिटं टिकला पाहिजे. आधी घरी पातेल्यात टाकून बघा. सकाळी १० पर्यंत आणि चारनंतर बसा. मधल्या वेळात जेवा, झोपा. मुलाला बारीक गळ आणि गांडूळ द्या, त्याला चिलापी (तिलापिया) लागत राहील आणि तो कंटाळणार नाही. फक्त अंगात लाइफ जॅकेट हवं. धरणाचा काठ दिसतो उतरता, पण पाण्याखाली तो कुठे तुटलाय हे वरून कळत नाही, आणि गाळात पाय रुतला की मोठा माणूससुद्धा गडबडतो.

महाशीर लागला तर तो आपला नाही. टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवून पाण्यात सोडताहेत, इतका तो कमी झाला. ओल्या हाताने धरा, पाण्यातच गळ काढा, शेपटी धरून थोडा वेळ तोंड प्रवाहाकडे ठेवा, तो स्वतः निघून जाईल. मुलाला महाशीर पोटभर बघायचा असेल तर एखाद्या रविवारी वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे गावी न्या. देवळामागच्या डोहात गावाने राखलेले मासे अंगाला अंग लावून फिरतात. तिथे गळाचा विषयच नाही.

आता रविवार. ‘कुठे’ हे तुम्ही विचारलंत, ‘किती वाजता’ हे नाही विचारलंत. खाडीत त्यावरच सगळं आहे. माझे बाबा गोदीत कामाला होते, आम्ही माझगावला राहायचो. सुट्टीच्या दिवशी ते मला भाऊच्या धक्क्यावर न्यायचे. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, भिंतीवर कालनिर्णय होतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती, हा त्यांचा हिशोब. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशोब मला कधी दगा देऊन गेला नाही. तुमच्या रविवारी पंचमी येते. पाचाची पाऊणपट पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास सुकी, म्हणजे पूर्ण ओहोटी. तेव्हा आठला गळ पाण्यात हवा. उतरत्या पाण्याचे शेवटचे दोन तास आणि पाणी पलटल्यावरचे पहिले दोन. बाराला गाशा गुंडाळा.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी गढूळ असतं आणि ओढ इतकी की शिसं तळाला टिकत नाही. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीला, पाणी स्वच्छ पण मेल्यासारखं. पंचमी या दोहोंच्या मधे येते, म्हणून तुमचा दिवस चांगला आहे.

रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते. पलीकडे कोर्लईचा किल्ला, पोर्तुगीजांचा. पुलावर वाहनांची ये-जा असते, तिथे उभं राहून गळ टाकू नका. खालच्या दगडांवरून टाका. कोळ्यांनी डोल (प्रवाहात बांधून ठेवलेलं जाळं) लावली असेल तर तिच्यापासून लांब. आमिषाला जिवंत कोळंबी हवी. सकाळी लवकर गावात विचारलंत तर मिळते. बादलीत हवेचा छोटा पंप सोडा. कोळंबीच्या डोक्यात, शिंगाच्या मागे एक काळा ठिपका दिसतो, त्याला गळ लागला की ती तिथेच मरते. ठिपक्याच्या पुढून, शिंगाखालून गळ आडवा ओवायचा. बाबा ती माझ्या तळहातावर ठेवायचे आणि उजेडाकडे धरून म्हणायचे, “आधी ठिपका दाखव, मग ओव.” कोळंबी नीट ओवली असेल तर ती पाण्यात पाय मारत राहते आणि ते तंगुसातून, म्हणजे गळाच्या दोरीतून, बोटाला कळतं, अगदी बारीक थरथर. मग अचानक ती थरथर वाढते, कोळंबी घाबरलेली असते. जवळ काहीतरी आलंय. त्या वेळी काठी ओढायची नाही. श्वास रोखून थांबायचं. जिताडा, म्हणजे खाडीतला मोठा शिकारी मासा, आमिष कुरतडत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत खेचतो, आणि तंगूस एकदम ताठ होतं. तेव्हा ओढ द्या. गाठ मारताना तंगूस थुंकीने ओलं करून मग आवळा. सुकं आवळलं तर घासून गरम होतं आणि नेमकं तिथेच तुटतं.

जिताड्याबद्दल एक विनंती, आणि ही मी प्रत्येकाला करते. जिताडा जन्मतो नर आणि काही वर्षांनी वाढून मादी होतो. म्हणजे खाडीत जे सर्वांत मोठे दिसतात त्या बहुतेक माद्या, पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी अंडी घालणाऱ्या. दीड-दोन किलोचा लागला तर घरी न्या, अलिबाग-पेणच्या खारेपाटातला माणूस जावयासाठी तळ्यातून काढतो तसा रस्सा करा. सहा-सात किलोची मादी लागली तर फोटो काढा आणि सोडा. मी पहिली सोडली तेव्हा हात कापत होते, बरोबरचे लोक चिडले होते. आता माझ्याबरोबर येणारे आधीच विचारतात, मोठी लागली तर सोडायची ना?

दगडांवर उभे असाल तर पाठीमागेही बघत राहा, फक्त समोर नव्हे. समोरचं पाणी दिसतं, मागच्या चरातून चढणारं दिसत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघी कोर्लईच्या बाजूला अशाच एका खडकावर गुंतलो आणि मागची वाट कमरेपर्यंत भरली. एका होडीवाल्या काकांनी काढलं. पिशवी, डबे, एक रीळ गेलं. तेव्हापासून मी मागच्या चरातल्या एका दगडावर खडूने रेघ मारून ठेवते. पाणी रेघेला टेकलं की उठायचं, मासा लागत असला तरी.

वसईची खाडी वाईट नाही, पण नवख्याला तिथली ओढ जड जाते. पुढच्या वर्षी जा.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिला गळ टाकायला शिकायचंय. दुकानात गेलो तर काठी, रीळ, रबरी मासे अशी भलीमोठी यादी निघाली. सुरुवातीला काय घ्यावं? आणि मुलीने एकटीने काठावर बसणं ठीक दिसेल का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. मी १२ व्या वर्षी धक्क्यावर बसले. लोकांनी पाहिलं, कोणी काही बोललंही. बाबा शेजारी बसून राहिले. तुम्हीही पहिलं वर्षभर शेजारी बसा, एवढंच लागतं.

सामानाचं म्हणाल तर पहिले तीन महिने रीळ नकोच. आठ फुटी बांबू, त्याला तेवढंच लांब तंगूस, बारीक गळ, शिशाचा एक दाणा आणि मोराच्या पिसाची काडी किंवा बुचाचा तुकडा. गावाकडचं तळं, विहीर, ओढा काहीही चालेल, मालकाला विचारून. बुच बुडणं, आडवं होणं, हळूच सरकणं, या तिन्हींतला फरक तिच्या डोळ्याला कळू दे. मग रीळ घ्या. तुटलेलं तंगूस काठावर टाकायचं नाही, खिशात घालून घरी आणायचं, हेही पहिल्याच दिवशी शिकवा. बगळ्याच्या पायात गुंतलेलं तंगूस मी कात्रीने काढलंय. पाय सुजून काळा पडला होता.

प्रश्न : मढच्या किनाऱ्यावर गळाला शिंगाळा लागला. सोडवताना त्याचा काटा अंगठ्यात घुसला. रात्रभर ठणकत होतं. कोणी हळद लावा म्हणालं, कोणी रक्त चोखून काढा म्हणालं. काय करायला हवं होतं?
(एक वाचक, मालाड)

उत्तर : चोखायचं नाही, कापायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे तीन काटे असतात, त्यांना विष असतं. ते विष उष्णतेने निकामी होतं. जखम धुऊन बोट सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचं, पाणी गार झालं की बदलायचं. दुसऱ्या हाताने पाणी तपासा, कारण दुखऱ्या बोटाला चटका कळत नाही. पाकटाचा काटा लागला तरी हेच. त्यानंतर डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. काट्याचा तुकडा आत राहिलाय असं वाटलं, सूज वर चढायला लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा, सकाळची वाट बघू नका. तुमचा अंगठा अजून दुखत असेल तर हे वाचून झाल्यावर आजच दाखवून या.

पुढच्या वेळी गळ सोडवताना शिंगाळा हाताने धरू नका. ओलं गोणपाट त्याच्यावर टाका, पायाने हलकेच दाबा आणि लांब चिमट्याने गळ फिरवून काढा. चिमटा नसेल तर तंगूस कापा. गळ पाच-दहा रुपयांचा असतो.